ध्येय लिहिले गेले, तेव्हा मी कागदाखाली होते

मी एक फळी आहे. रुग्णालयात जी खाटेच्या पायथ्याशी टांगलेली असते आणि जिच्या लोखंडी चापात रुग्णाचे केसपेपर अडकवतात, ती. माझी भाषा आपणांस किंचित जड वाटेल. परंतु माझ्या अंगावर आयुष्यभर जे लिहिले गेले, ते डॉक्टरांनी घाईघाईने व अक्षराची विटंबना करीत लिहिले. निदान बोलताना तरी मी नीटनेटके बोलावे, असा माझा आग्रह आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला कापून, कडा घासून झाल्यावर कारागीर आपल्या जोडीदाराला म्हणाला, "चाप घट्ट बसव रे बाबा, नाहीतर माणसाचा ताप एकाच्या खाटेवर आणि औषध दुसऱ्याच्या!" दोघे हसले. चाप मात्र खरोखरच घट्ट बसला.

माझ्यावर पांढऱ्या रंगाने अकरा हा आकडा रंगवण्यात आला व मी स्त्रियांच्या वॉर्डात अकराव्या खाटेला लागले. तेथे मनुष्यस्वभाव पुष्कळ पाहिला. भेटीला येणारा प्रत्येक जण मला उचलून गंभीर चेहऱ्याने वाचत असे. एका आजोबांनी तर मला उलटी धरून "बरीच सुधारणा आहे" असा निर्वाळा दिला होता. आजीबाई त्या एका वाक्यावर दोन दिवस खुशीत होत्या.

वॉर्डाचा एक रिवाज होता. नवे पान नेहमी वर लावायचे. डॉक्टर येत, वरचे पान पाहत, त्यावर चार ओळी खरडत आणि पुढच्या खाटेकडे वळत. जुनी पाने माझ्या चापात दबून राहत. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

एके दिवशी अकराव्या खाटेवर चाळिशीची एक बाई आली. सोबत तिची थोरली बहीण होती. सर्व वॉर्ड त्या थोरल्या बहिणीला ताई म्हणू लागला, म्हणून मीही ताईच म्हणते. ताई एका कचेरीतून निवृत्त झालेल्या टंकलेखिका. एकतीस वर्षे त्यांनी साहेबांची वाक्ये टंकलिखित केली होती. साहेब बोलत असता मध्ये बोलायचे नाही, हा धडा त्यांच्या हाडीमांसी भिनलेला होता.

दाखल होतानाच ताईंनी स्पष्ट सांगितले, की धाकटीला एक विशिष्ट इंजेक्शन सोसत नाही. पूर्वी एकदा त्याने तिचा श्वास कोंडला होता. ते पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेही गेले. मग त्यावर दुसरे पान आले. मग तिसरे.

तिसऱ्या दिवशी नव्या डॉक्टरांनी वरचे पान पाहिले आणि औषध लिहून दिले. परिचारिका कुपी घेऊन आली. ताईंनी कुपीवरचे नाव वाचले आणि त्या उठल्या.

"डॉक्टर, जरा ते पहिलं पान..."

"बाई, बसा जरा. राउंड चालू आहे ना? आम्हाला आमचं काम करू द्या."

ताई बसल्या.

पंधरा मिनिटांत धाकटीचा श्वास कोंडला आणि सर्व आटोपले. लाल शाईची ती ओळ माझ्या चापात होती. मी ती इतक्या इमानाने धरून ठेवली होती, की कोणालाही ती दिसली नाही. चाप एकदा तरी सैल पडला असता, पाने जमिनीवर विखुरली असती, कोणीतरी ती वाकून उचलली असती! पण फळीच्या नशिबी पश्चात्ताप करण्यापलीकडे काय असते?

धाकटीची मुलगी त्या वेळी परीक्षेच्या खोलीत पेपर लिहीत होती. ती आली तेव्हा तिच्या मावशीने तिला जवळ घेऊन एवढेच सांगितले, "कुणालाच कळलं नाही गं, बाळा." भाचीने ते खरे मानले आणि ती मावशीच्याच घरी राहू लागली.

दोन वर्षांनी वॉर्डात संगणक आला आणि आम्हा फळ्यांची रवानगी अडगळीत झाली. त्याच सुमारास ताई रुग्णालयात पुन्हा येऊ लागल्या होत्या. ज्यांना सोबत कोणी नाही, अशा रुग्णांपाशी बसायचे, त्यांचे कागद वाचायचे, जे विचारायला ते घाबरतात ते डॉक्टरांना विचारायचे, असे काम करणारे एक मंडळ होते. ताई त्यात दाखल झाल्या. अडगळीत त्यांनी माझ्यावरचा आकडा पाहिला.

मुख्य परिचारिका म्हणाल्या, "अहो ताई, हिच्या चापाला गंज चढलाय. नवीन पॅड देते की!"

"नको. मला हीच हवी."

अशा रीतीने मी घरी आले. स्वयंपाकघरातील टेबलावर माझी जागा ठरली.

पुढे मंडळाच्या कार्यवाहांनी प्रत्येकाला सांगितले, "आपापलं ध्येयवाक्य लिहून आणा. मंडळाचं नको, तुमचं स्वतःचं. हे काम मी का करते आणि काय करीन, एवढंच. तीन ओळी पुरे. रविवारी सर्वांसमोर वाचायचंय."

तीन ओळी! दुसऱ्यांची हजारो पाने बिनचूक उतरवणाऱ्या ताईंना स्वतःच्या तीन ओळी सुचेनात. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिले, 'आरोग्य हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत अधिकार असून...' भाचीने पाठीमागून वाचले.

"मावशी, निवडणुकीला उभी राहतेस का गं?"

"चेष्टा पुरे. चहा घे."

"नाही, खरंच. निशाणी काय तुझी? थर्मामीटर?"

ताईंना हसू आले. त्या घरात मी ऐकलेले ते शेवटचे हसू.

दुसरा मसुदा झाला, तिसरा झाला. त्यांत सेवा होती, करुणा होती, समाज होता. ताई लिहीत, वाचत आणि कागद चापातून ओढून काढीत. 'मी का करते' या प्रश्नापाशी लेखणी येऊन थांबे. खरे उत्तर एकच होते आणि ते लिहिले की भाचीच्या दृष्टीस पडणार, हे ताईंना ठाऊक होते. कागद लपवता आला असता. तसे त्यांनी केले नाही. शनिवारी सकाळी त्यांनी एकाच बैठकीत लिहिले आणि मला टेबलावर तशीच उघडी ठेवली.

'माझ्या बहिणीला न सोसणारे औषध दिले जात असता मी उठले होते आणि बसा म्हटल्यावर बसले. म्हणून मी हे काम करते. ज्याला विचारण्याचा धीर होत नाही, त्याच्या खाटेपाशी मी उभी राहीन आणि उत्तर मिळेपर्यंत बसणार नाही.'

भाचीने ते उभ्या उभ्या वाचले. मग खुर्ची ओढून, बसून पुन्हा वाचले.

"मावशी, हे खरं आहे?"

"हो."

"तू म्हणाली होतीस, कुणालाच कळलं नाही."

"मला कळलं होतं."

"मग ओरडायचं ना! नर्सचा हात धरायचा ना!"

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर म्हणाले!" भाचीचा आवाज एकदम खाली आला. "मला एकच सांग. आई तुझ्याकडे बघत होती का तेव्हा?"

ताईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले.

"बघत होती."

भाचीने त्याच दुपारी बॅग भरली आणि ती वसतिगृहात राहायला गेली. ताईंनी तिच्यासाठी डबा भरला होता. तो ओट्यावरच राहिला.

रविवारी ताईंनी तीन ओळी वाचल्या. कार्यवाहांनी डोळे पुसले आणि ते वाक्य चौकटीत लावण्याची परवानगी मागितली. ताई म्हणाल्या, "क्षमा करा. ती शोभेची वस्तू नाही."

त्याला आता अकरा महिने झाले. ताई मला घेऊन रोज वॉर्डात जातात. उत्तर मिळेपर्यंत उभ्या राहतात. तरुण डॉक्टर आपसात म्हणतात, "आल्या बघ उभ्या बाई!" आणि निमूटपणे संगणकावरची मागची पाने उघडून पाहतात. दर महिन्याला ताई भाचीला पत्र लिहितात, तेही माझ्यावरच. उत्तर आलेले नाही.

आज माझ्या चापात निराळा कागद आहे. ताईंच्या पित्ताशयात खडे झाले आहेत आणि शस्त्रक्रिया ठरली आहे. दाखल होण्याचा फॉर्म त्यांनी वळणदार अक्षरात भरला. 'रुग्णासोबत राहणारे नातेवाईक' हा एकच रकाना कोरा आहे.

कार्यवाह म्हणाले, "अहो, मंडळातलं कुणीही येईल की! तुम्ही इतक्यांजवळ बसलात."

"येतील, हो. पण रकाना नातेवाइकांचा आहे." एवढे बोलून ताईंनी लेखणीला टोपण लावले.

वाचकहो, ती मुलगी आपल्यापैकी कोणाच्या ओळखीची असल्यास, तिने क्षमा करावी असे सांगू नका. ते मागण्याचा अधिकार ताईंना नाही, मला तर नाहीच. तिला फक्त दिवस आणि वेळ कळवा. ताई कळवणार नाहीत. परक्यांसाठी त्या कोणालाही काहीही विचारतात, स्वतःसाठी विचारणे त्यांना अजून जमलेले नाही.

येत्या मंगळवारी, सकाळी आठ वाजता.