कोकिळाच्या सहीची तडजोड

गावातला हिलाल लस बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलाला घेऊन अंगणात आला, तेव्हा कोकिळा नुकतीच उपकेंद्रावरून परतली होती. गावची आशाताई म्हणून अकरा वर्षं तिने घरोघर फिरून पोरं लसीला नेली होती. त्यांतलीच हिलालची पोरगी ऋतिका. लस घेतल्यावर आठवड्याभरात तिचे पाय लुळे पडले. ते लसीनेच झालं की आणखी कशाने, हे धुळ्याचे डॉक्टरही छातीठोक सांगेनात. हिलालने कंपनीवर भरपाईचा दावा लावला. तीन वर्षांनी आता तडजोड ठरत होती.

"तुमची एक सही हवी," वकील म्हणाला. "लस नेताना डब्यातला बर्फ वितळला होता, एवढंच लिहिलंय. मग यांना पैसे लगेच."

कोकिळाने कागद दोनदा वाचला. तिची कानशिलं तापली.

"बर्फ वितळला नव्हता. नर्सबाईंच्या वहीत तशी नोंद आहे."

"वही कोण बघतंय, ताई?"

"म्हणजे दोष तुमचा नाही, माझा. त्याच डब्यातली लस घेतलेली बाकीची बावीस पोरं आहेत. उद्या त्यांच्या आया मला दारात उभं करतील?"

हिलालने मान वर केली नाही. "अक्का, पोरले इलाजसाठी मुंबईले लई जानं शे. माले दुसरा रस्ता नही."

हिलालवर तिला चिडता येईना, म्हणून ती आणखीच पेटली. "तीन वर्षं याला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या," ती वकिलाला म्हणाली, "आणि आता याच्या नडीचा फास माझ्या गळ्यात घालता?"

तेवढ्यात हिलालची बायको तानुबाई कुंपणाशी आली. पोरगी लुळी पडल्यापासून ती कोकिळाशी बोलत नव्हती.

"त्या दिन हाई डबा डोकावर लिसन नालामाईन उनी," कोकिळा नाल्यातून डबा घेऊन आली तो दिवस आठवत ती वकिलाला म्हणाली. "त्यामाना बरफ मीच पोरना दंडले लावा व्हता. खोटं लिखीसन माले पैसा नको."

वकिलाने कागद गुंडाळले. "मग बसा कोर्टात."

बसले. दोघी बायांनी धुळ्याला जाऊन साक्ष दिली. चार महिन्यांनी कंपनीने ते वाक्य गाळून तडजोड केली, पण रक्कम निम्मी. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, चार महिने आधी आणायला हवं होतं.

हे सांगायला तानुबाईच आली. कोकिळा लसीच्या यादीत नावं लिहीत होती. तिने पेन खाली ठेवलं आणि त्या कंपनीला आई-बापावरून शिवी हासडली. तानुबाई शेजारी बसली आणि तिने पुढची हासडली.