गिरणी बंद ठेवायचा तास

माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा राहत्या घरातच पिठाची गिरणी चालवतात. त्या घरघरीत बोललेलं कोणाला ऐकू येणार? म्हणून दोघं हातांनीच बोलतात. बोटांची चिमूट म्हणजे बारीक दळा, मूठ म्हणजे जाडं, तळहात छातीला लावला की जरा थांबा. संसारही असाच चाललाय. भांडणंसुद्धा खुणांनीच, त्यामुळे शेजाऱ्यांची फार निराशा होते.

त्यांची लेक भिंगरी. तीन वर्षांची होत आली तरी तोंडातून एक शब्द नाही. दळण घेऊन येणारा जो तो आपली अक्कल पाजळून जायचा. बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ताई, माझी पोर मुकी तर नाही ना गं?" असं विचारून रडायची. मी तिला दटावायचे, पण धास्ती मलाही होतीच.

शेवटी मीच सगळ्यांना दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कान ठणठणीत आहेत. समजही चांगली आहे. घरी तिच्याशी काय काय बोलता तुम्ही?"

बहिणीने नवऱ्याकडे पाहिलं. मेहुण्यांनी हनुवटी उडवली, म्हणजे तू सांग. तिने हाताने परत त्यांच्यावर ढकललं. आईच्या मांडीवरच्या भिंगरीने दोघांकडे पाहिलं आणि तळहात छातीला लावला.

डॉक्टरीणबाई हसल्या. मी मात्र कपाळाला हात लावला. रोज त्या घरात माझी ये-जा, आणि पोर हातांनी बोलते हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

"तिला बोलणं ऐकू द्या. भरपूर. मग बघू," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून गिरणी दुपारी तासभर बंद. गिऱ्हाइकं कुरकुरली, कुरकुरू देत. पण दोघं लेकीसमोर बसली आणि बोलायचं काय हेच सुचेना. बहिणीचं डबा, चाळणी, पोतं दाखवून झालं. मग मेहुण्यांनी त्यांच्या लहानपणीच्या एका खोडकर शेळीची गोष्ट काढली. आज तिने दप्तर खाल्लं, उद्या मास्तरांची टोपी. आठवडे गेले. भिंगरी नुसती टकामका बघायची, आणि बहिणीचा चेहरा पुन्हा उतरू लागला.

एका दुपारी मी तिथेच होते. शेळी छपरावर चढली आणि मेहुणे दमून म्हणाले, "बस, झाली गोष्ट."

भिंगरी उठली. तिने त्यांचे ओठ दोन्ही हातांनी चाचपले.

"अजून," ती म्हणाली.

बहिणीने माझा दंड घट्ट धरला. मेहुण्यांनी तोंड उघडलं, आणि सवयीने तळहातच छातीला लावला. पोर वाट बघत होती. तेव्हा माझ्या बहिणीने, जिने ती शेळी जन्मात पाहिली नव्हती, डोळे पुसले आणि मोठ्याने सांगायला घेतलं, "मग काय झालं, शेळीने वरून खाली बघितलं..."