कपाटातला अहवाल

धाकटीनं गोळ्यांचं पाकीट बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. बाबांनी ते रोजच्यासारखं बाजूला सारलं.

"सर्जन म्हणाले ना, गाठ पूर्ण काढली? मग हे कशाला?" चाळीस वर्षं लोकांच्या घरचे नळ दुरुस्त केलेला माणूस तो. "काम झाल्यावर मी गिऱ्हाइकाकडे उगाच पुन्हा पाना घेऊन जातो का?"

धाकटीनं पाकीट पुन्हा ताटाशेजारी सरकवलं. बाबांचं चुकत होतं कुठे? त्यांना जेवढं सांगितलं होतं, त्यावरून कुठलाही शहाणा माणूस हेच म्हणाला असता.

सगळा घोळ दादाचा. पित्तनळीच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आलेला तपासणीचा अहवाल त्यानं वाचला आणि कपाटात कपड्यांखाली दडपला. का, तर म्हणे बाबा खचतील! आजार जवळच्या दोन लसिकाग्रंथींत पोचला होता, नसांच्या कडेनं सरकला होता आणि काढलेल्या भागाच्या कापलेल्या कडेवरही त्याच्या पेशी होत्या. अशा रुग्णांत कॅन्सर लवकर उलटायची भीती जास्त, म्हणून ऑपरेशनपासून बारा आठवड्यांच्या आत केमोच्या गोळ्या सुरू करा, असं डॉक्टरांनी दोघांना बजावलं होतं. दादानं घरी येऊन सांगितलं, "ताकदीच्या गोळ्या आहेत." सोबतच्या कागदावर जुलाब, उलट्या आणि सोललेले तळवे वाचल्यावर बाबांनी ताकद नको म्हणून सांगितलं. आता अकरावा आठवडा संपत आला होता.

तिनं दादाला फोन लावला. "तू सांगतोस की मी सांगू?"

"गप्प बस. त्यांना काही झालं तर तुझ्या माथी."

"आणि न सांगितल्यामुळे झालं तर?"

दादानं फोन ठेवला. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कपाट उपसलं आणि अहवाल बाबांसमोर ठेवला.

बाबांनी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवून ते अर्थ विचारत गेले. ती सांगत गेली. ते खचले नाहीत. कागद मिटून त्यांनी विचारलं, "हे कधी आलं?"

"टाके काढले, त्या दिवशी."

"म्हणजे दोन महिने मी तुमच्याशी हुज्जत घालत बसलो. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी घेतली असती."

धाकटी पाणी आणायला उठली. बाबा तिच्या आधी उठले, स्वतःच पेला भरून घेतला आणि तिच्याकडे पाठ करून गोळी गिळली.