पारव्यांना आवडलेले घास

वजन असंच उतरत राहिलं तर शस्त्रक्रिया करता येणार नाही, असं सर्जन म्हणाले. त्या वेळी बाबा त्यांच्या टेबलावरचं प्लास्टिकचं हृदय न्याहाळत होते. जणू दुसऱ्याच कुणाच्या झडपेबद्दल बोलणं चाललं होतं. महिनाअखेरपर्यंत मुदत होती. त्यापुढे थांबणं धोक्याचं, हे सर्जन मला बाहेर व्हरांड्यात वेगळं सांगून गेले.

आई गेल्यापासून बाबांचं जेवण तुटलं होतं. भरलं ताट समोर आलं की ते खुर्ची मागे सरकवत. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, ताट विसरा. तोंडात एका वेळी मावतील एवढेच घास करा, अख्ख्या धान्याचे, डाळ घालून, मीठ अगदी बेताचं. दिवसभर थोडे थोडे देत राहा.

मी मुद्रितं तपासण्याचं काम करते. ते कुठेही बसून करता येतं, म्हणून बाबांकडे राहायला आले होते. पण बसणं जमत नव्हतं. चार ओळी वाचल्या की उठायचे, ओट्याशी जायचे, भिजत घातलेले जव बोटांनी दाबून बघायचे, परत येऊन त्याच चार ओळी वाचायचे. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं होतं.

पहिली खेप जव आणि मसुरीची केली. जव शिजवले, मसूर घोटली, गाजर किसून घातलं, गोळे वळून तिळात घोळवले आणि ओव्हनमध्ये भाजले. बाबांनी एक उचलला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चघळला.

"कसा आहे?"

"छान आहे."

"आणखी घ्या ना."

"घेतो. बशी ठेव इथंच."

बशी रिकामी परत आली. मी लगेच दुसरी खेप लावली.

आमच्या घरात पदार्थाला 'छान' याखेरीज दुसरा शेरा नव्हता. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हा आईचा दंडक. करपलं तर खमंग म्हणायचं, पातळ झालं तर घशाला बरं म्हणायचं. लहानपणी आम्हाला त्याची गंमत वाटे. आता त्या एका शब्दावरून काहीच ताडता येत नव्हतं. बशा रिकाम्या होत होत्या आणि वजनाचा काटा खाली जात होता. आजारच सगळं खातोय, असा अर्थ मी काढला आणि घास अधिक पौष्टिक करत गेले. भोपळ्याच्या बिया घातल्या, सूर्यफुलाच्या घातल्या, ओट भाजून भरड काढली, राळे नुसते वाफवून अख्खेच ठेवले. मऊ पडू नयेत म्हणून जास्त वेळ भाजले. प्रत्येक खेप आधीच्यापेक्षा खुटखुटीत होत होती आणि मला ती प्रगती वाटत होती.

त्या दिवशी दुपारी आत्या वर आली. बाबांची ही धाकटी बहीण तळमजल्यावर राहते, पडदे शिवून देते. खांद्यावर पांढरा पडदा आणि एक मूठ घट्ट मिटलेली.

"दादा कुठाय?"

"आत पडलेत. काय झालं?"

"माझ्या दोरीवर पारव्यांचं संमेलन भरलंय, ते झालं. बघ हा पडदा, कसा घाण केलाय. गिऱ्हाईक काय मला हार घालणार आहे? आणि पारवे कशाला जमतात म्हणून दादाच्या खिडकीखाली बघायला गेले, तर हे."

तिनं मूठ उघडली. भोपळ्याच्या बिया लावलेला माझा घास. एका बाजूनं टोचलेला.

मी तो वाकून बघितला. मग ओटा पुसायला लागले. तो स्वच्छच होता. आत्या तोवर आतल्या खोलीत पोचली होती. तिच्या पाठोपाठ मीही गेले.

"दादा, हे काय आहे?"

बाबांनी चष्मा चढवला, घास निरखला. "घास दिसतोय."

"तो खाली कसा आला? पाय फुटले त्याला?"

"वारा असेल."

"वारा! पोरगी सकाळपासून ओट्याला जुंपलेली असते आणि तू पारवे पोसतोस? चव नाही का याला?"

"असं काही नाही. छान आहे."

"छान आहे तर पारव्यांना का?"

"त्यांनाही छानच वाटलं असणार."

मला हसू फुटलं आणि तिथंच अडकलं. आत्यानं उशाशी ठेवलेल्या बशीतला एक ताजा घास उचलून तोंडात टाकला. चावला आणि गालावर हात ठेवला.

"अगं बाई! जातं गिळल्यासारखं वाटतंय." मग ती चावायची थांबली आणि भावाकडे बघत राहिली. "दादा, कवळी काढ."

"काय?"

"कवळी काढ म्हणते."

मी बाहेर जावं असं बाबांच्या डोळ्यांत होतं. मी गेले नाही. त्यांनी भिंतीकडे वळून कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि तोंड उघडलं. खालच्या हिरडीवर एका कडेनं लालभडक जखम होती. शरीर आटलं तशी हिरडीही आटली होती. कवळी ढिली होऊन हलत होती. तिच्याखाली तीळ, राळे, बियांचे तुकडे जाऊन घासत राहिले होते. म्हणजे माझ्या प्रत्येक पौष्टिक सुधारणेनं ती जखम थोडी वाढवली होती.

"बाबा, एक शब्द बोलला असतात तर."

"बोलणार होतो." दातांशिवाय त्यांचा आवाज दुसऱ्याच माणसाचा वाटत होता. "पहिल्या दिवशीच."

"मग?"

"अन्नाला नावं ठेवायची नसतात," असं म्हणून ते रुमालाची घडी घालू लागले.

"नावं ठेवणं वेगळं आणि तोंड सोललंय म्हणणं वेगळं," आत्या म्हणाली. "वहिनीनं एवढं तरी ऐकून घेतलं असतं."

बाबांनी रुमाल पुन्हा उलगडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "औषधांनी तिच्या जिभेची चव गेली होती, माहीत आहे ना? शेवटचं वर्षभर. मीठ वाढत गेलं. ती विचारायची, बरोबर आहे ना? मी म्हणायचो, छान आहे. माझ्या पायांना सूज आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, मीठ जास्त खाता का. ती शेजारीच बसली होती. मी नाही म्हणालो."

आत्यानं पडदा खांद्यावरून काढून मांडीवर घेतला.

"तिला वर्षभर सांगितलं नाही," बाबा म्हणाले, "आणि तुझ्याकडे पहिल्याच घासाला तक्रार करायची? मग खोटं फक्त तिच्याशीच वागलो, असं होतं."

मी स्वयंपाकघरात गेले. आत्या दंतवैद्याला फोन लावत होती, "आज म्हणजे आजच, उद्या नाही," असं कुणाला तरी खडसावत होती. मी शिजवलेले जव पुन्हा पाण्यात घातले, पार विरघळेपर्यंत उकळले, चाळणीतून घासून काढले. उकडलेला भोपळा कुस्करला, मसूर गाळून घेतली. बी नाही, तीळ नाही, ओव्हन नाही. करवंदाएवढे गोळे करून वाफवले. वाफ जिरेपर्यंत थांबायचं असतं, पण मी दोनदा झाकण उघडलं.

बाबांनी कवळीशिवायच एक तोंडात घेतला. जिभेनं टाळूवर दाबला. मी उभी होते. आत्या उभी होती.

"कसा आहे?"

त्यांचं तोंड नेहमीच्या शब्दासाठी उघडलं आणि मिटलं.

"बेचव," ते हळूच म्हणाले आणि लगेच माझ्याकडे बघितलं.

"पुढे?"

"चिकट. टाळूला बसतो. आलं घातलंच नाहीस का?"

"मीठ मागायचं नाही."

"मी कुठं मागतोय? लिंबू पिळ म्हणतोय."

मी लिंबू पिळलं, आलं किसून त्याचा रस सोडला. घाईत दोन्ही जरा जास्तच पडलं. बाबांनी दुसरा घास घेतला.

"आता?"

"आंबट. पण जातो घशाखाली."

त्यांनी तिसरा उचलला आणि हातातच धरून ठेवला. "तिचं सूप फार खारट व्हायचं गं," ते आत्याला म्हणाले.

"मीही प्यायलेय की, दादा. खारट म्हणजे समुद्र."

"तिला सांगितलं असतं तर?"

"रडली असती," आत्या म्हणाली. "मग तुझ्यावर चिडली असती. आणि मीठ निम्मं केलं असतं."

बाबांनी मान डोलावली. ती बराच वेळ डोलत राहिली. मग तिसरा घास तोंडात टाकून, तोंड भरलेलं असतानाच ते मला म्हणाले, "पुढच्या खेपेला भोपळा कमी कर. मला तो कधीच आवडला नाही."

घास खाली उतरेपर्यंत मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले.