दादामियाँनी न फुंकलेला दिवा

मी एक जुनं पेव आहे, मित्रांनो. पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीखालचं कोठार. तोंड एवढंसं, पोट हे भलंमोठं! निजामाच्या अमलात अणदूरजवळ दादामियाँनी मला खणलं. पुढं ते वारले, पण त्यांचं भूत माझ्यातच राहिलं. भूत कसलं, लाघवी म्हातारं नुसतं! आत उतरण्याआधी हवा तपासायला कोणी दिवा सोडला, की हे "फू" करून विझवायचं अन् खुदुखुदु हसायचं. माझी मालकीण कस्तुराबाई भाकरीचा तुकडा ठेवून दटावायची, "दादामियाँ, पुरं की चेष्टा!" मग दिवा टिकायचा.

एका वर्षी लेव्हीवाले, म्हणजे सरकारसाठी सक्तीनं धान्य वसूल करणारे, घरोघरचं धान्य उचलत होते. पेरणीचं बी तेवढं माझ्या पोटात उरलं होतं. लेव्हीवाले वेशीत आल्याची हाकाटी झाली, तसा कस्तुराबाईचा एकुलता एक लेक बब्रुवान बी हलवायला धावत आला, मागोमाग तीही आली. त्यानं माझं तोंड उघडलं, दिवा सोडला. विझला!

"दादामियाँ, आज न्हाय हो, येळ न्हाय!" कस्तुराबाई काकुळतीला आली.

अहो, पण दादामियाँनी फुंकलंच नव्हतं! कित्येक महिने कोंडून माझ्यातली हवाच विषारी झाली होती. बब्रुवाननं दोर धरून पाय आत सोडले. माझा जीव टांगणीला लागला. तोंड असून ओरडता येईना.

"बाळा, वर जा!" दादामियाँ कळवळले.

"झाली का चेष्टा सुरू?" बब्रुवान हसला.

कुणाला भ्या दाखवायचं नाही, अशी त्या भुताची शपथ होती. पण लेकराच्या जिवापुढं शपथ कसली? डोळे इंगळासारखे करून, दात विचकून ते किंचाळलं, "हो बाहीर! नरडं फोडतो!" बब्रुवान बोंबलतच वर आला. ती किंकाळी ऐकून लेव्हीवाल्यांनीही वेशीतूनच गाड्या वळवल्या.

कस्तुराबाई रडवेली झाली. "असे पांग फेडले व्हय?" म्हणत, मला उघडंच टाकून ती लेकाला घरी घेऊन गेली. दादामियाँ ढसाढसा रडले. मला लई वाईट वाटलं.

सकाळी तिनं भीतभीत दिवा सोडला. उघड्या तोंडातून रातभर वारा खेळून विषारी हवा निघून गेली होती. दिवा तळापर्यंत जळत गेला. ती बघतच राहिली.

"म्हंजी काल हवाच वाईट हुती, तुमी फुंकलं न्हवतं! माझा लेक वाचीवला तुमी, अन् म्या काय बोलले!"

मित्रांनो, आज माझ्यात केरकचरा भरलाय. त्याचं वाईट वाटतं, पण सांगणं निराळंच आहे. पेवात दिवा विझला, तर पाय टाकू नका. अन् सदा चेष्टा करणारं माणूस कधी कळवळून बोललं, तर त्याचं ऐका.

त्या सकाळी कस्तुराबाईनं भाकरीचा तुकडा ठेवला, डोळे पुसले अन् म्हणाली, "आता फुंका की!"

अन् दिवा विझला.