सत्तेचाळीस वर्षांचा पोरका

आमच्या यहुदी न्यायालयात पोरका म्हणजे बाप मेलेला वारस, मग त्याचं पोट रांजणाएवढं का असेना. शेज्बी सत्तेचाळीस वर्षांचा पोरका होता. असं पोरकेपण देव सगळ्यांना देवो.

बापाचं कालव्याकाठचं घर त्याला विकायचं होतं. म्हणून त्याने सावत्र आईला, माहदुख्तला, सांगितलं, "लग्नाच्या करारातले तुझे चांदीचे दोनशे झूझ घे आणि नीघ." ती कबूल झाली. रिकाम्या हाताने गेली असती तर भावजयीने तिला दारात उभं केलं नसतं. पण पैसे मोजायची वेळ आली तेव्हा शेज्बीची स्वारी म्हणाली, बापाकडून आधी काही घेतलं नाहीस अशी शपथ घे.

हक्क त्याचाच होता. मेलेला माणूस 'मी दिले होते' असं सांगायला परत येत नाही. म्हणून पोरक्यांच्या मालमत्तेतून वसुली करायची तर कागद कितीही पक्का असो, शपथ घ्यावीच लागते. वारस स्वतःहून 'माझा विश्वास आहे' म्हणाला, तरच सुटका.

मी न्यायालयाचा शिपाई. शपथ घेणाऱ्याला मरण आठवावं म्हणून प्रेत न्यायची खाट आणून ठेवणं, रिकाम्या पखाली फुगवणं, दिवे विझवणं, ही शपथेची सगळी तयारी माझ्याकडे. ती पाहून सराईत खोटारडेही घाम पुसतात.

माहदुख्तने धर्मग्रंथाची गुंडाळी हातात घेतली.

"नवऱ्याच्या पैशातलं आधी काही घेतलं नाहीस ना?" न्यायाधीश नेहिलाईंनी विचारलं.

"घेतलंय की," ती म्हणाली. "ते झोपले की कमरपट्ट्यातून काढायची."

"किती?"

"कोण मोजत बसलं होतं, गुरुजी? चांगली दहा वर्षं काढत होते."

"अंदाजे सांग. तेवढे वजा करू."

"अंदाजाने शपथ घेऊ? वर गेल्यावर देवाला काय तोंड दाखवू?"

"बरं, लागत कशाला होते?"

तिने हातातली गुंडाळी नीट केली. मला ठाऊक होतं. तरुणपणी शेज्बी फासे खेळायचा आणि हरायचा, आणि बापाच्या कानावर जायच्या आत त्याची देणी भागलेली असायची. पण शिपायाला कोण विचारतो? मीही तोंड उघडलं नाही.

"शेज्बी, तुझं काय म्हणणं? विश्वास आहे तिच्यावर?"

शेज्बी दाढी कुरवाळत खाली बघत राहिला. "कायद्याने होईल ते होऊ द्या," म्हणाला.

मला त्याचा संताप आला. अजून येतो.

शपथ नाही, तर वसुली नाही. माहदुख्तने गुंडाळी माझ्या हातात दिली. बाहेर पडताना ती शेज्बीपाशी थांबली.

"मासा चुलीपाशी झाकून ठेवलाय. लवकर जा, गार झालेला तुला आवडत नाही."

मग तिने भावाच्या गावची वाट धरली. शेज्बी घरी गेला आणि जेवला.