बुधाचं पाणी

“काका, पाणी कमरेच्या जरा वर आलं की बंद करा. मागच्या वेळी दोघीजणी तरंगायलाच लागल्या होत्या,” पास्टर रविराज म्हणाले.

पुंजा हौदाच्या काठावर उकिडवा बसला होता. एका हातात पाइप. दुसऱ्या हातात पूर्वी बिडी असायची. ती सुटून चार वर्षं झाली, पण बोटांची सवय सुटली नव्हती, म्हणून तो उगाच एक नट फिरवत बसला होता. हा हौद मंडळीच्या प्रार्थनेच्या हॉलात, स्टेजमध्येच बांधलेला. एरवी त्यावर फळ्या टाकतात आणि फळ्यांवर ड्रमवाला बसतो. बाप्तिस्म्याच्या आदल्या शनिवारी फळ्या निघतात आणि पुंजाला बोलावणं जातं.

“उद्या किती जण?”

“चार. आपली नर्सिंगवाली संजना आहे ना, ती पण. तिला पाण्याची भीती वाटते म्हणे.”

“मग तिला पहिली घ्या. बाकीच्यांचं बघत बसली तर पळून जाईल.”

पुंजा गावित म्हणजे सातपूरचा मोटारवाला. बोअरमधली मोटार बंद पडली, की पार दिंडोरीपर्यंतचे द्राक्षवाले त्यालाच फोन करतात. नुसता कान लावून तो बेअरिंग गेलंय की वाइंडिंग जळलंय ते सांगतो. चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, तेव्हा याच पत्र्याच्या हॉलातल्या माणसांनी महिनाभर त्याच्या घरी डबा पोचवला. आणि गंमत म्हणजे, रविवारी कधी येणार, असं एकानेही विचारलं नाही. म्हणूनच तो आला. घरच्यांनी गाव सोडल्यावर त्याचं लहानपण नाशकातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये गेलं होतं, आई अजून तिथेच जाते. पुंजा मात्र इथला झाला तो झालाच. महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या आठवणीत भाकरी नि द्राक्षरस घेतात, त्या प्रभुभोजनाचा ट्रे फिरवायचं काम त्याच्याकडे आलं. नखांत ग्रीस कायमचं मुरलेले ते हात द्राक्षरसाचे चाळीस चिमुकले पेले असे काही सांभाळून न्यायचे, की थेंब सांडायचा नाही.

मंडळीच्या विश्वासाचा कागद दाराजवळच लावलेला होता. त्यावरचे नऊही मुद्दे पुंजाला पाठ. पवित्र शास्त्र हे देवाचं वचन. सगळ्यांनी पाप केलं. तारण आपल्या कर्मांनी मिळत नाही, फक्त कृपेने, विश्वासाद्वारे. येशू आपल्यासाठी मेला, उठला आणि परत येणार. त्रैक्यावर तर त्याने एकदा तरुणांच्या सभेत भाषणच ठोकलं होतं. “थ्री फेज बघा पोरांनो. वायरी तीन, लाइट एकच. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. एक फेज गेला की मोटार जळाली.” पोरं जाम खूश. पास्टरांनी नंतर हळूच बाजूला घेतलं, “काका, याला पाखंड म्हणतात. असल्या वादांवरून चौथ्या शतकात माणसं हद्दपार झाली.”

“लाइटवरून?” पुंजाने विचारलं होतं.

अडत होतं ते सहाव्या मुद्द्याशी. बाप्तिस्मा हा समजून-उमजून विश्वास ठेवणाऱ्याचाच, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडून. पुंजाचा झाला होता तीन महिन्यांचा असताना, डोक्यावर पाणी शिंपडून. इतके दिवस कुणी खोदून विचारलं नव्हतं. पण आता मंडळीने ठराव केला होता, की या रविवारपासून प्रभुभोजन फक्त असा बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच मिळेल.

“काका, उद्या तुम्ही पाचवे व्हा,” पास्टर काठावर त्याच्याशेजारी टेकले. त्यांची पँट ओली झाली, तरी उठले नाहीत. “मला ट्रे तुमच्याच हातात पाहिजे.”

“उतरतो की. सगळ्यांसाठी हौद मी भरायचा आणि स्वतः कोरडा राहायचं, हे काय बरं दिसतं का.”

पास्टर इतके खूश झाले, की त्यांनी खिशातून फॉर्म काढून लगेच त्याच्या हातात दिला. “घरी भरा सावकाश. खाली सही करून सकाळी आणा.”

संध्याकाळी आई जेवत होती. सुलाबाईचं वय अठ्ठ्याहत्तर, दात सहा, आणि हट्ट मात्र नागलीच्याच भाकरीचा. ती वरणात भाकरी भिजत घालून बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पुंजाने फॉर्म मोठ्याने वाचला. नाव, जन्मतारीख, पत्ता. मग शेवटची ओळ.

“‘मी मान्य करतो, की याआधी माझा खरा बाप्तिस्मा झालेला नाही.’”

सुलाबाईचा घास हातातच राहिला. “परत वाच.”

त्याने परत वाचलं. या खेपेला आवाज बारीक झाला.

“मंग त्या दिशी काय झालं व्हतं?”

“तसं नाही गं आई. त्यांचं म्हणणं, तान्ह्या बाळाला काय कळतं? ज्याचा विश्वास त्याने स्वतः ठेवायचा.”

“ते खरं हाय. तुला काय कळत नव्हतं. पाद्रीबाबाच्या पांढऱ्या झग्यावर मुतला तू.”

पुंजाला हसू आलं. तीही हसली, पण मग ताट बाजूला सारून तिने भिंतीला पाठ टेकली. आता ती काय सांगणार हे त्याला माहीत होतं. शंभर वेळा ऐकलेलं. हरसूलच्याही पलीकडून दोघं नवराबायको दोन दिवस चालत नाशकात आले होते. बापाच्या पाठीला पुंजा, आईच्या पाठीला बुधा. दोघं जुळे. एकाच दिवशी, एकाच भांड्यातल्या पाण्याने दोघांचा बाप्तिस्मा झाला. परत घरी गेल्यावर आठव्या दिवशी बुधाला ताप भरला आणि तो गेला. ख्रिस्ती झालेल्यांचं मूल गावाच्या जागेत पुरू देईनात. बापाने आपल्याच शेताच्या बांधाला खड्डा खणला.

“पाद्रीबाबा सायकल हानीत आला,” सुलाबाई म्हणाली. “मला म्हनला, बाई, रडू नको, त्याला पानी मिळालं व्हतं, तो प्रभूचा हाय. तेवढ्या एका शब्दावर मी जेवाय लागले रं.”

पुंजाने फॉर्मची घडी घातली.

“तू उतर. माझं काय नाय. तुझी माणसं चांगली हायत, सूनबाई गेली तवा भाकर दिली त्यांनी. आन आता तुला तोंड हाय, तुझं तू बोल.” तिने पदराने बोटं पुसली. “पन तुझा खरा नाय, तर बुधाचा बी नाय. तुला हौद हाय. त्याला कोन उतरवनार?”

तिने ताट परत पुढे ओढलं, आणि भाकरी तशीच भिजत राहिली.

सकाळी पास्टर हॉलात खुर्च्या मांडत होते. पुंजाने फॉर्म त्यांच्या हातात दिला. सगळा भरलेला, सहीची जागा कोरी. मग खुर्च्या मांडता मांडताच त्याने बुधाचं सगळं सांगितलं. त्याला एवढं सलग बोलताना पास्टरांनी थ्री फेजनंतर आजच ऐकलं.

“काका, बाळं देवाच्या कृपेतच असतात,” पास्टर म्हणाले. “पाणी नसतं मिळालं, तरी बुधा प्रभूजवळच असता. आपली शिकवण तीच आहे. मी येऊ का आईंशी बोलायला?”

“मला पटतं ते. बुधा कुठे आहे याची मला चिंताच नाही.” पुंजाने एक खुर्ची रांगेत सरळ केली. “पण आईने त्याला जन्मात एकच गोष्ट दिली. दोन दिवस चालून. ती खरी नव्हती असं मी लिहून देणार नाही. पाण्यात उतरायला सांगा, आत्ता कपड्यांसकट उतरतो. सही नको.”

पास्टर त्या ओळीकडे बघत राहिले. एकदा त्यांनी पेनही काढलं. पुंजाला वाटलं, आता खोडतात. पण पेन परत खिशात गेलं.

“एकासाठी खोडलं, तर उद्या बाकीच्यांना काय सांगू? आणि मी ते खरंच मानतो, काका. नुसता नियम म्हणून नाही.”

“माहीत आहे. म्हणूनच तर तुम्हाला सांगितलं.”

“मग आजपासून...”

“ट्रे तरुणांतल्या त्या नवनाथला द्या. त्याला सांगा, वळताना कोपर अंगाशी धरायचं.”

संजना पहिली उतरली. ती थरथरत होती, पण नाव स्पष्ट सांगितलं, विश्वास स्पष्ट सांगितला, आणि पाण्याखाली जाऊन वर आली तेव्हा सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात पुंजाने. मग बाकीचे तिघे उतरले. कपडे बदलून चौघं येऊन बसली, तर जागा नेमकी पुंजाच्याच रांगेत उरली होती. संजना त्याच्या डाव्या हाताला बसली. केस तिने पुसले होते, पण मुलींचे केस काय असे पाच मिनिटांत वाळतात?

भाकरीचे तुकडे फिरले, मग पेले. नवनाथने ट्रे रांगेच्या टोकाला दिला. तो हातोहात सरकत पुंजाकडे आला. ट्रेचं काम मिळाल्यापासून पहिल्यांदाच पुंजा ट्रेच्या या बाजूला बसला होता. रसाचा वास त्याच्या नाकात गेला. शेजारच्या काकू मान खाली घालून थांबल्या होत्या. तो पेला उचलतो की नाही हे त्यांना बघायचं नव्हतं.

पुंजाने पेला उचलला नाही. त्याने ट्रे दोन्ही हातांनी संजनापुढे धरला.

तिची बोटं अजून गारठलेली होती. तिला पेला नीट उचलता येईना, एक हलला, दुसऱ्याला लागला. “सावकाश,” पुंजा पुटपुटला, आणि ट्रे जरा खाली घेऊन अगदी स्थिर धरून ठेवला. ती वाकली. तिच्या बटेवरून पाण्याचे थेंब त्याच्या मनगटावर पडले.

तिने पेला घेतला. पुंजाने ट्रे पुढच्याच्या हातात दिला आणि हात मांडीवर ठेवले. थेंब त्याने पुसले नाहीत.